दुमडलेला कोपरा

१

परत येताना मी भांडायच्या तयारीने आले होते. ग्लासगोत सार्वजनिक आरोग्य शिकत असताना मी माझ्या गावाबद्दल जेवढं बोलले, तेवढं गावात असताना कधी बोलले नव्हते. लस टोचायला आलेल्या बाईच्या तोंडावर दार लावणाऱ्या सासवा, तापाने फणफणलेलं मूल घेऊन शितळामातेच्या ओट्यावर बसलेल्या आया, आणि त्यांच्यासमोर एकटी उभी मी. माझ्या कल्पनेत मी मोठ्याने बोलत असे आणि शेवटी सगळ्या गप्प होत.

प्रत्यक्षात मोटाकाका, माझे थोरले काका, मला घ्यायला स्टेशनवर आले आणि गाडीत बसायच्या आधीच म्हणाले, "धृतु, आमच्या रीवाचं दुसरं इंजेक्शन लांबलंय. तूच टोच आता, बेटा. हर्षिल आठवडाभर उद्या-उद्या करतोय."

घरी पोचले तर काकांचा मुलगा हर्षिलभाई दारात. "या डॉक्टरीणबाई!"

"मी डॉक्टर नाही."

"मग तिकडे एवढी वर्षं काय केलंस? भजी तळलीस?"

आतून त्याची बायको निमिषाभाभी हसली. तिच्या खांद्यावर रीवा झोपली होती, साडेतीन महिन्यांची. फईबा, म्हणजे काकांची बहीण, मला कवटाळून म्हणाल्या, "वाळलीस गं दीकरी. तिथे गाठिये मिळत नाहीत वाटतं."

या घरातच मी वाढले. भांडायला कुणीच नव्हतं. ओळखीच्या खोल्या, ओळखीची टिंगल, आणि दोन दिवसांवर आलेली सातम-आठम, श्रावणातली शितळा सातम आणि गोकुळाष्टमी. सौराष्ट्रात त्या दिवसांत घरोघरी पत्ते पडतात. लहान पोरांपासून विधवा आज्यांपर्यंत सगळे मांडी घालून तीन पत्ती खेळतात आणि कुणाला त्यात पाप वाटत नाही. आमच्या घरात पैसे लावत नाहीत. कवड्या लावतात.

भांडण करायला मला फक्त एक गोष्ट सापडली. ती रिकामी जागा.

२

छठच्या, म्हणजे सातमच्या आदल्या, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं सगळं रांधून झालं. थेपले, बाजरीचे वडे, बाजरीच्या पिठाचे कुलेर लाडू. मग फईबांनी गॅसची शेगडी धुतली, पुसली, तिला कुंकू लावलं, कपाशीची एक डहाळी वर ठेवली. सातमच्या दिवशी शेगडी पेटत नाही. माता येते आणि गार चुलीत लोळून अंगाची आग शांत करते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शेगडी आली, राख गेली, तरी कुंकू राहिलं. मला ते सुंदरही वाटलं. एक दिवस गार खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

सातमला सकाळी सगळ्यांनी गार पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली. माझे केस दाट, संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, म्हणून मोकळेच सोडले होते. रीवाला जरासा ताप होता. आदल्या दिवशी मीच तिला टोचलं होतं, त्यामुळे मला काळजी नव्हती. लशीनंतर ताप येतोच. औषधाचे थेंब द्यायचे, म्हणून मी वाटी-चमचा घेऊन स्वयंपाकघरात गेले, कपाशीची डहाळी बाजूला ठेवली आणि शेगडी पेटवली.

निमिषाभाभी दारात थबकली. "धृतिबेन, आज?"

"न उकळलेला चमचा घालू तिच्या तोंडात?"

ती मागे वळून बघत म्हणाली, "करा पटकन. फईबा देवळात गेल्यात."

पाणी उकळलं, मी शेगडी बंद केली आणि पातेलं उचललं तेव्हा वास आला. जळलेल्या केसांचा. मी माझ्या केसांची टोकं चाचपली. ओलीच होती. डहाळी पुन्हा जागेवर ठेवून मी बाहेर आले, तेव्हा मागे खरखर ऐकू आली, कोरडी कातडी नखांनी खाजवल्यासारखी. आमच्या स्वयंपाकघरात उंदीर पहिल्यापासून आहेत.

३

दुपारी मधल्या खोलीत चटई पसरली. स्वयंपाकघराचं दार याच खोलीत उघडतं. त्या दाराला लागून एक बुटका पाट मांडतात, त्यावर लाल गोधडीची घडी, शेजारी पितळी लोटा. पाट रिकामा. त्याला आम्ही 'जागा' म्हणतो, दुसरं नाव घेत नाही.

दिवसभर त्या जागेला कुणी पानं वाटत नाही. कल्ला सगळा आमचाच. फईबा पानं न बघता खेळत आणि हर्षिलभाईला चिडवत. "अरे दीकरा, तुझ्या कपाळावर लिहिलंय गुलाम म्हणून. टाक, टाक."

"फईबा, तुमच्यासारखी बाई जुगारखान्यात असती तर पोलीससुद्धा घरदार हरले असते."

"आणि ही आपली धृतु," मोटाकाका म्हणाले, "तिला तर पानं बघायचीही गरज नाही. तिचे कान बघा."

सगळे हसले. लहानपणापासूनची गोष्ट. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात. पत्त्यांत मी एकदाही कुणाला फसवू शकले नाही. काकांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, मी दहा-अकरा वर्षांची असताना. ते म्हणाले होते, थाप पानांनी मारायची नसते, मागच्या खेळांनी मारायची असते. ज्याने कायम खरं खेळलं त्याची एक थाप खपते. फक्त एक. आणि आंधळा खेळणाऱ्यावर कधी थाप मारू नये. ज्याने स्वतःची पानंच पाहिली नाहीत तो कशाला घाबरेल?

दुपार कलली तशी फईबांनी लोटा पुढे ओढला. शेवटचा डाव दर वर्षी नसतो. घरात नवीन मूल आलं तरच, त्याच्या पहिल्या सातमला. एकीकडे जागा, दुसरीकडे मुलाची फई, म्हणजे आत्या. रीवाची फई मी. मुलाच्या नावाने रंगीत दोऱ्याची एक कवडी, प्रत्येकाचा रंग वेगळा, मधे ठेवतात आणि तीन-तीन पानं वाटतात. जागा आपली पानं बघत नाही. तिच्या वतीने काका दर फेरीला एक साधी कवडी सरकवतात, कारण न बघता खेळणाऱ्याने एक सरकवायची आणि बघून खेळणाऱ्याने दोन. फई थोडी खेळते आणि पानं टाकून देते. हातात तीन एक्के असले तरी टाकते. मुलाची कवडी जागेची होते, लोट्यात जाते, आणि सगळ्यांना कुलेर वाटतात. त्या लोट्यात घरातल्या प्रत्येकाची कवडी आहे. माझीसुद्धा. शिवाय एक जास्तीची आहे, दोरा विटून पांढरा झालेली. लहानपणी मी ती कुणाची म्हणून विचारलं होतं. फईबा म्हणाल्या होत्या, "राहू दे ती."

मी चटईवर पुढे सरकून बसले. "मी पानं टाकणार नाही."

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे शो मागणार. तिची पानं सगळ्यांसमोर उलटी करणार. कागदाची पानं आहेत, काका. रीवाला मोठी होताना हे सांगायचं आहे का तुम्हाला, की तिच्या नावाची कवडी एका रिकाम्या पाटाला हरलो?"

मला वाटलं होतं निदान आता तरी भांडण होईल. काका फक्त थकल्यासारखे दिसले. "तू म्हणतेस ते चूक नाही, बेटा. पण टाक. माझ्यासाठी टाक."

"का?"

"आंधळी जिंकली की तिला कळत नाही आपण काय जिंकलं. म्हणून."

हर्षिलभाईने पिसून पानं वाटली. मी माझी उचलली. इस्पिकची अठ्ठी, चौकटची पंजी, बदामची दुर्री. याहून हलका हात शोधावा लागेल. मला हसू आलं. शो मागून हरले तरी माझं म्हणणं खरंच ठरणार होतं.

४

एकदोन फेऱ्या झाल्या. मी दोन कवड्या सरकवायची, काका जागेच्या वतीने एक. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला आणि खोलीत एकदम सगळं जवळ आल्यासारखं झालं. बाहेर आभाळ भरलेलं होतं, पण पाट स्पष्ट दिसत होता.

जागेची पानं मला नीट आठवत होती, कारण हर्षिलभाईने ती मुद्दाम एकावर एक अगदी सारखी बसवली होती, देवाला नैवेद्य ठेवावा तशी. आता सर्वांत वरच्या पानाचा कोपरा जरासा उचललेला होता. दुमडल्यासारखा. कसलेला खेळाडू अंगठ्याने कोपरा वर करून पान बघतो आणि सोडून देतो, तेव्हा तो पूर्ण खाली बसत नाही, तसा.

दमट हवा, मी मनात म्हटलं. श्रावणात पत्ते वाकतातच. मग मी माझ्या हातातली पानं बघितली. ती सरळ होती.

काकांचा हात कवडी घ्यायला पुढे आला होता. तो मधेच थांबला. त्यांनीही पाहिलं होतं.

"हर्षिल," ते म्हणाले, "तू हात लावलास?"

"नाही, पप्पा."

"मातेची शपथ?"

"अहो, नाही लावला!"

काकांनी हात मागे घेतला आणि तो मांडीखाली दाबून बसले. एवढा मोठा माणूस, हात मांडीखाली. "मी आता तिच्या वतीने काही सरकवणार नाही," ते म्हणाले.

फईबा शेगडीच्या दिशेने बघत होत्या. मग निमिषाभाभीकडे. मग माझ्याकडे. "आज चूल कुणी पेटवली?"

"मी," मी म्हटलं. "चमचा उकळायला."

मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. लोटा त्यांनी छातीशी धरला आणि म्हणाल्या, "भाजून आली. म्हणून बघितलं तिने. मागेही..." आणि ओठ मिटून घेतले.

निमिषाभाभीच्या मांडीवर रीवा किंचाळली. आम्ही सगळे तिकडे वळलो. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि माझा हात आपोआप मागे आला. सकाळी कोमट होती. आता तवा. लशीनंतर ताप येतोच, मी स्वतःला सांगितलं, दुसऱ्या दिवशी जास्तही येतो.

मी पुन्हा चटईकडे वळले तेव्हा पाटासमोर कवड्या पुढे सरकलेल्या होत्या.

एक नाही. दोन.

५

हर्षिलभाई दोन्ही हात काखेत घेऊन भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तरी मी म्हटलं, "छान जमवलंत. दोरा कुठे बांधलाय?"

"धृतु," तो म्हणाला, "मी मुतायच्या बेतात आहे. थट्टा कसली करतोस."

एरवी मी 'करतेस' म्हणून दुरुस्त केलं असतं. मी काकांकडे बघितलं. "टाकू पानं? थांबवू?"

"आता नको." ते इतकं हळू बोलत होते की मला वाकावं लागलं. "आता टाकलीस तर ती बघून जिंकेल. बघून जिंकली तर तिला कळेल काय जिंकलं. मग ती मागेल."

"मग उठून जाते."

"उठणं म्हणजे टाकणंच."

"शो?"

त्यांनी माझ्या हातातल्या पानांकडे नजर टाकली. मी ती त्यांना दाखवली नव्हती. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी हे लिहिताना माझ्या बुद्धीची बाजू मांडायला हवी. मला त्या वेळीही वाटत होतं की हे सगळं दमट हवा, ताप आणि घाबरलेली माणसं यांचं मिळून झालं आहे. मला हेही वाटत होतं की मी चुकत असले तर रीवा जाईल. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. अशा वेळी बरोबर असण्याचा काही उपयोग नसतो, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

एकच वाट होती. समोरच्याने पानं टाकायला हवी होती. आणि ते आता शक्य होतं, याच एका कारणाने, की तिने आपली पानं पाहिली होती. ज्याला आपल्याकडे काय आहे ते माहीत असतं, त्यालाच ते कमी पडेल अशी भीती घालता येते.

पण थाप कुठल्या क्षणी मारायची? अठ्ठीवर एकदम मोठी चाल केली असती तर ती घाई दिसली असती. जिंकणारा हात घाई करत नाही. तो आपली पानं पुन्हा पुन्हा बघतही नाही. मी पानं पालथी करून गुडघ्याशी ठेवली आणि त्यांच्यावरचा हात काढून घेतला. तो काढणं हे त्या दुपारचं सगळ्यात अवघड काम होतं.

"भाभी," मी म्हटलं, "दही कुणी लावलंय? फार आंबट झालंय."

निमिषाभाभी माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली. मग तिला काहीतरी कळलं असावं. घसा साफ करून ती म्हणाली, "मी लावलंय. तुम्हाला नको तर खाऊ नका."

"फईबा, कुलेर द्या ना. भूक लागली."

"डाव संपल्यावर..."

"द्या हो."

त्यांनी कुलेरचा लाडू माझ्या हातावर ठेवला. त्यांचा हात गार पडला होता. मी तो चावला आणि पीठ टाळूला चिकटलं. तोंडात थुंकी नव्हती. मी चावत राहिले, रमतगमत, आणि दुसऱ्या हाताने दोन कवड्या सरकवल्या. पाटाकडे बघून. रिकाम्या जागेकडे नाही, तर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तेवढ्या उंचीवर.

स्वयंपाकघरातली खरखर सुरू झाली. मग ती दारात आली. मग ती आमच्या खोलीत होती.

मी डोळे हलवले नाहीत, तरी पापणी एकदा लवली. उघडली तेव्हा पाटासमोर आणखी दोन कवड्या पुढे होत्या.

माझे कान तापायला लागले. मला ते आतून कळत होतं, लहानपणी कळायचं तसंच. पण केस ओले, मोकळे, दोन्ही बाजूंनी खाली आलेले. त्यांच्याखाली कान जळत होते आणि कुणाला दिसत नव्हते.

रीवाचं रडणं बंद झालं होतं. भाभी पुटपुटली, "धृतिबेन, ही डोळे फिरवतेय."

आता. याहून उशीर नाही. मी फईबांच्या हातातून लोटा घेतला, आत हात घातला आणि माझी कवडी बाहेर काढली. हिरव्या दोऱ्याची. माझ्या पहिल्या सातमला जागेने न बघता जिंकलेली, आणि आपल्याकडे आहे हे जागेला ठाऊकच नव्हतं अशी.

"धृतु, नको," काका म्हणाले.

मी ती रीवाच्या कवडीशेजारी ठेवली. "ही पण," मी पाटाला म्हटलं. "ही धृति. तीच, जिने चूल पेटवली. बघून खेळतेयस ना? मग नीट बघ."

आणि कुलेरचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

६

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. खरखर थांबली होती.

मी एवढंच पाहिलं. पाटावरच्या गोधडीला मधे खळगा होता. तो आधीपासून असेलही, गोधड्या जुन्या झाल्या की बसतात. तो खळगा पुढे आला, जणू बसलेलं कुणी माझ्याकडे वाकलं. जळलेल्या केसांचा वास माझ्या तोंडावर आला, आणि त्या वासाबरोबरच मला कळलं की समोरचं माझ्याकडे बघतंय, माझ्या चेहऱ्यावर, कपाळावरून हनुवटीपर्यंत, काही शोधत. माझे केस किंचित हलले. डाव्या कानावरचे. पंखा बंद होता.

मी हसले. जिंकणाऱ्याला समोरच्याची दया येते तेव्हा तो हसतो, तसं.

केस पुन्हा जागेवर पडले.

मग गोधडीच्या घडीखालून काहीतरी आलं. बोटाएवढं, राखेने माखलेलं, कातडी सोललेल्या फळासारखी ओली. त्याला नख नव्हतं. ते वरच्या पानाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावर टेकलं, तिथेच जरा थांबलं, आणि तिन्ही पानं चटईच्या मध्यावर सरकली. पालथीच.

निमिषाभाभी किंचाळली नाही. ती म्हणाली, "घाम आला. हिला घाम आला." रीवाचं कपाळ ओलं झालं होतं आणि ती रागाने रडत होती, भूक लागलेल्या मुलासारखी.

मी दोन्ही कवड्या उचलल्या. हर्षिलभाई कोपऱ्यात ओकत होता.

फईबांनी जागेची पानं न बघता उचलली, पदरात गुंडाळली आणि संध्याकाळच्या आत भादर नदीत सोडून आल्या. माझी पानं मी कुणाला उलटी करू दिली नाहीत. खिशात घातली.

"टाकलेल्या हाताला जिंकलेल्याने पानं दाखवायची नसतात," काका मला म्हणाले. ते पहिल्यांदाच माझ्याशी बरोबरीच्या खेळाडूसारखे बोलत होते. "कधीच नाही, समजलीस? ती हिशेब लावत बसेल, काय असेल हिच्याकडे, काय असेल. तोवर ठीक आहे."

७

आठमच्या सकाळी फईबांनी शेगडी पेटवली. चहाचा वास आला, लाइट आली, रीवा पाय झाडत पडली होती, ताप नव्हता. लशीचा ताप एकदोन दिवसांत उतरतोच. मी केस वर बांधले आणि आरशात स्वतःला म्हटलं, दमट हवा, घाबरलेली माणसं, आणि सोमवारी आरोग्य केंद्रात रुजू व्हायचं आहे. पाट उचलून ठेवला होता. गोधडी दोरीवर वाळत होती.

हर्षिलभाई चहा घेऊन आला. रात्रभर झोपला नसावा, पण आता जीवात जीव येऊन तो पुन्हा पहिल्यासारखा होऊ बघत होता. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आता तरी सांग ना. काय होतं हातात?"

"काही नाही."

"तीन एक्के? रन? एवढी छाती काढून बसली होतीस, काहीतरी जबरदस्तच असणार. सांग की, मी काय कुणाला सांगणार आहे?"

"तीन राण्या," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर लहानपणचं हसू आलं, मला पकडल्याचं. "थापाडे! कान बघ तुझे, कसे लालेला..."

निमिषाभाभीने त्याच्या तोंडावर हात दाबला. इतक्या जोरात, की कप सांडला.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की सकाळपासून स्वयंपाकघरात खरखर चालू होती. इतकी बारीक, की मी ती ऐकत होते हे मला कळलं नव्हतं. कळलं, कारण ती थांबली. शेगडी पेटलेली होती, चहा उकळत होता, फईबा देवघरात होत्या, आणि त्या रिकाम्या स्वयंपाकघरात कुणीतरी खाजवायचं थांबून कान देत होतं.

मी डोक्यातला काटा काढला आणि केस खाली सोडले.

काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, पुढचं पान काय आहे हे ज्याला माहीत आहे तो हलवतो तशी.

या घरातला प्रत्येक जण माझा चेहरा वाचतो. मी या गावात परत आले ती खोटं बोलणार नाही म्हणून, दारोदार जाऊन खरं सांगणार म्हणून. माझी एक थाप खपली कारण त्याआधी तिच्यावर मी एकही मारली नव्हती. ती एक संपली. आता इथे राहिले तर जेवताना, झोपेत, केस विंचरताना, सोमवारी, पुढच्या सोमवारी, कधीतरी, दुसऱ्या कुणी नाही तरी, ती माझे कान बघेलच. आणि रीवा अजून साडेतीन महिन्यांची आहे.

मी ठरवलं.

बॅग अजून पूर्ण उघडलीही नव्हती. दोन्ही कवड्या मी निमिषाभाभीच्या मुठीत ठेवल्या आणि तिची मूठ मिटली. पानं बॅगेच्या तळाशी घातली, पालथी, न बघता. ती जितकी लांब नेता येतील तितकी नेणार होते, आणि रीवा मोठी होईपर्यंत मी या उंबऱ्याच्या आत येणार नव्हते.

"जातेस?" फईबा देवघरातून बाहेर येत म्हणाल्या.

"हो," मी मोठ्याने म्हटलं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या. "इथलं काम झालं माझं."

आणि मोकळ्या केसांनी, जिंकलेली बाई निघते तशी हसत, मागे न बघता मी दाराकडे चालायला लागले.